मार्गदर्शकाचा व्यवसाय : मोल कशाचे?

आपल्याकडे सल्ल्याचा तुटवडा कधीच पडलेला नाही. मुलाने कोणती शाखा घ्यावी, नोकरी सोडावी की धरून ठेवावी, भावाभावांनी दुकान एकत्र चालवावे की वाटण्या करून मोकळे व्हावे, या सर्व प्रश्नांवर मत देणारे मामा, शेजारी आणि पारावरचे निवृत्त मास्तर गावोगाव आहेत. शिवाय त्यांचे मत फुकट मिळते, आणि न मागताही मिळते. अशा समाजात कोणी दारावर पाटी लावून ‘आम्ही तुमच्याशी तासभर बोलू आणि त्याचे पैसे घेऊ’ असे म्हणू लागला, तर लोकांनी नाक मुरडावे यात नवल नाही. आम्ही हा व्यवसाय आरंभला तेव्हा सर्वांत अधिक वेळा कानी पडलेला प्रश्न हाच की, ‘ते सगळे ठीक, पण तुम्ही विकता काय?’ विचारणाराचा हेतू क्वचित थट्टेचाही असे. परंतु प्रश्न खरा आहे. किंबहुना या व्यवसायातील बहुतेक सर्व धडे या एका प्रश्नाच्या पोटात आहेत, असे आमचे मत झाले आहे. त्यांतील काही धडे येथे क्रमाने मांडावयाचे आहेत.

शब्द आणि त्याची कुळकथा

या व्यवसायाला जगभर ‘कोचिंग’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच दहावी-बारावीचे क्लास डोळ्यांपुढे उभे राहतात, म्हणून प्रथम शब्दाची फोड केलेली बरी. हंगेरी देशात बुडा आणि व्हिएन्ना या शहरांमधील हमरस्त्यावर कोच नावाचे एक गाव आहे. तेथे पंधराव्या शतकात एक हलकी, प्रवासाला सोयीची घोडागाडी बनू लागली. गावाचे नाव गाडीला पडले आणि तो शब्द युरोपातील निरनिराळ्या भाषांतून फिरत इंग्रजीत गेला. आगगाडीच्या डब्याला आपण कोच म्हणतो आणि जुन्या काळी बग्गी हाकणाऱ्याला कोचमन म्हणत, तो हाच शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील विद्यापीठांतले विद्यार्थी खाजगी शिकवणी देणाऱ्या गुरुजींना गमतीने ‘कोच’ म्हणू लागले. परीक्षेच्या मुक्कामाला जो सुखरूप पोचवितो, तो कोच!

या उपमेत एक गोष्ट आपोआप येऊन बसली आहे. गाडी उतारूला नेते खरी, पण कोठे जायचे ते उतारू ठरवितो. आणि मुक्काम आला की तो खाली उतरतो. उतारूने जन्मभर गाडीतच बसून राहावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

या व्यवसायाच्या आरंभीच्या पुरुषांत केंब्रिजचे विल्यम हॉपकिन्स (१७९३–१८६६) यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी आधी सफक परगण्यात शेती केली. ती आतबट्ट्याची ठरली. तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर ते केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८२७ साली गणिताच्या परीक्षेत सातव्या क्रमांकाचे रँग्लर झाले. परंतु त्या काळी कॉलेजची फेलोशिप अविवाहितालाच मिळे, आणि हॉपकिन्स संसारी गृहस्थ. मग पोटासाठी त्यांनी खाजगी शिकवणीचा व्यवसाय धरला. लहान तुकड्या, नियमित बैठका आणि उदाहरणे सोडविण्याचा अखंड सराव ही त्यांची रीत. १८४९ पर्यंत त्यांच्या हाताखालून सतरा सीनिअर रँग्लर बाहेर पडले होते. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध पावलेले विल्यम टॉमसन आणि विद्युच्चुंबकीय सिद्धांताचे जनक जेम्स क्लार्क मॅक्सवेल हेही त्यांचेच शिष्य. त्यांच्यानंतर एडवर्ड राउथ यांनी हीच परंपरा चालवून पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर तयार केले. ज्या परीक्षेभोवती हा व्यवसाय वाढला, त्याच परीक्षेत १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनिअर रँग्लर झाले. म्हणून ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्राला परका राहिला नाही.

हॉपकिन्स यांचा दाखला देण्याचे कारण त्यांची विद्वत्ता एवढेच नव्हे. त्यांच्या व्यवसायाला दोन सोयी होत्या. मुक्काम ठरलेला होता, तो म्हणजे परीक्षा. आणि मुदतही ठरलेली होती. शिष्य गेला म्हणजे गुरूचे काम फसले असे नसून, ते पार पडले असा अर्थ होई. आजच्या वैयक्तिक मार्गदर्शकाला या दोन्ही सोयी उपलब्ध नाहीत. त्याच्याकडे येणाऱ्या माणसाची परीक्षा कोणत्याही विद्यापीठाने लावलेली नसते. मुक्काम आणि मुदत दोन्ही दोघांनी मिळून ठरवावी लागतात, आणि अडचणीचा उगम नेमका येथे आहे.

शिकविणे आणि पाहावयास लावणे

क्लासचे कोचिंग आणि वैयक्तिक कोचिंग यांतील फरक ज्याने स्पष्ट केला, तो एक टेनिस शिकविणारा अमेरिकन गृहस्थ होता. टिमथी गॉल्वे यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या ध्यानात असे आले की, ‘मनगट ताठ ठेव, खांदा वळव, पाय पुढे टाक’ अशा सूचनांचा मारा केला म्हणजे शिकणारा गोंधळतो. उलट सूचना कमी केल्या तर तो लवकर शिकतो. म्हणून ते शिकणाऱ्याला एवढेच सांगत, की चेंडूचा टप्पा पडेल तेव्हा ‘टप्पा’ म्हणा आणि रॅकेट चेंडूला लागेल तेव्हा ‘फटका’ म्हणा. मन चेंडूवर स्थिर झाले की हात आपले काम आपण सुधारून घेतो, असा त्यांचा अनुभव. हाच विचार मोटारींच्या शर्यतीत नाव मिळविलेल्या सर जॉन व्हिटमोर यांनी इंग्लंडातील कारखाने आणि कचेऱ्या यांपर्यंत नेला. १९९२ च्या त्यांच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकामुळे ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय ही संभाषणाची चार पायऱ्यांची रीत सर्वत्र पसरली. त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस लेनर्ड या पैशाच्या नियोजनाचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांना आढळले, की आपल्याकडे येणाऱ्यांना पैशापेक्षा आयुष्याविषयीच अधिक बोलावयाचे असते. त्यांनी १९९२ मध्ये मार्गदर्शक तयार करणारी शाळा काढली आणि १९९५ मध्ये या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली.

आता ‘तुम्ही विकता काय?’ या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आम्ही सल्ला विकत नाही. तो बाजारात फुकट आहे. येणाऱ्या माणसाला स्वतःच्या व्यवहाराकडे नीट पाहावयास लावणे, हे आमचे काम. एक उदाहरण घेऊ. कारखान्यात यंत्रावर उत्तम काम करणाऱ्या एका कुशल कामगाराला बढती मिळून तो सुपरवायझर झाला. काल ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांच्याकडून आज काम करवून घ्यावयाचे! तो रात्री आठपर्यंत कारखान्यात राबतो, तरी काम उरतेच. मामा त्याला सांगतील, ‘जरा कडक वाग.’ मित्र सांगेल, ‘सोड ती नोकरी.’ मार्गदर्शक त्याला एवढेच म्हणतो, ‘येत्या आठवड्यात दुसऱ्याच्या हातातले काम तुम्ही किती वेळा आपल्या हाती घेता, ते मोजून आणा.’ तो मोजून आणतो आणि आकडा पाहून स्वतःच चपापतो. पुढचे संभाषण त्या आकड्यापासून सुरू होते. टेनिसच्या चेंडूचे आणि या आकड्याचे कार्य एकच. उत्तर त्याचे, निर्णयही त्याचा. मोल आहे ते त्या तासभराच्या निःपक्षपाती लक्षाचे. कारण घरच्यांचे प्रेम कितीही असले, तरी त्यांचा त्या निर्णयात स्वार्थ गुंतलेला असतो.

कुंपण कोठे घालावे

दुसरा धडा मर्यादेचा. आपल्या देशात डॉक्टरला, वकिलाला नोंदणी लागते. मानसोपचाराच्या क्षेत्रातील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञालाही ती लागते. वैयक्तिक मार्गदर्शकाला मात्र कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणपत्रे आहेत, आणि त्यांसाठी अनुक्रमे शंभर, पाचशे व अडीच हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. पण ती ऐच्छिक आहेत. म्हणजे आज सकाळी मनात आले आणि दुपारी पाटी लावली, असे करण्यास कोणाची मनाई नाही. जेथे कायद्याने कुंपण घातलेले नाही, तेथे ते ज्याचे त्याने घालावे लागते.

समोर बसलेल्या माणसाची झोप कित्येक आठवडे उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगण्यात अर्थ वाटत नाही असे शब्द त्याच्या तोंडून येत आहेत, अशा वेळी ध्येयाच्या आणि पर्यायांच्या गोष्टी बोलत बसणे हा अपराध आहे. त्याला डॉक्टरांकडे पोचविणे हेच त्या दिवशीचे काम. शासनाने २०२२ पासून चालविलेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक मार्गदर्शकाच्या टेबलावर असावा. तीच गोष्ट कोर्टकज्जाची आणि पैसे गुंतविण्याची. ‘हे आमचे क्षेत्र नव्हे’ हे वाक्य ज्याला सहज उच्चारता येत नाही, त्याने या व्यवसायात पडू नये.

कोणासाठी?

तिसरा धडा असा की, ‘सर्वांसाठी मार्गदर्शन’ अशी पाटी वाचून कोणीच आत येत नाही. ज्याचा जोडा चावतो आहे, त्याला आपल्या जोड्याचे नाव पाटीवर दिसावे लागते. नव्याने सुपरवायझर झालेले कामगार, मुले मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीकडे वळू पाहणाऱ्या स्त्रिया, वडिलांचे दुकान हाती घेतलेले तरुण, निवृत्तीच्या आदल्या वर्षातले अधिकारी, अशा कोणत्या तरी एका वर्गाच्या अडचणी आपल्याला आतून ठाऊक असतात. सुरुवात तेथून करावी. जाहिरातीने चौकशा येतात. माणसे मात्र ओळखीतून येतात. एकाचे काम नीट झाले म्हणजे तो दुसऱ्याला सांगतो. या गतीला उपाय नाही आणि घाई चालत नाही.

मात्र ओळखीतून माणसे येतात म्हणूनच गुप्तता अधिक जपावी लागते. आपल्या मध्यम आकाराच्या शहरांत आज बैठकीला आलेला गृहस्थ उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. तेथे ओळखीचे हसू पुरे. कामाचा शब्द नको. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे. मार्गदर्शकाच्या खोलीतील बोलण्याला तसे नाही. हेही पहिल्याच भेटीत सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होय.

पैसा कंपनी देते आणि बैठकीला तिचा नोकर येतो, तेव्हा गुंता वाढतो. महिन्याभराने वरच्या साहेबांचा फोन येतो, ‘काय म्हणतो आमचा माणूस?’ ज्याचे पैसे घ्यावयाचे, त्याला उत्तर न देणे अवघड वाटते. उपाय एकच. किती बैठका झाल्या आणि कोणते ध्येय ठरले, एवढेच कंपनीला कळेल. संभाषणातील एक अक्षरही कळणार नाही, असे तिघांच्या समक्ष आधी लिहून ठेवावे. ही अट न मानणारी कंपनी सोडून द्यावी. त्या वेळी नुकसान वाटते. पण ती खोली ज्या दिवशी चहाडीची खोली ठरेल, त्या दिवशी तिथे खरे बोलावयास कोणी येणार नाही.

फी आणि संकोच

आता सर्वांत नाजूक भाग. विद्येचे पैसे मागू नयेत हा संस्कार आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. ‘काय द्यायचे ते द्या’ असे म्हणण्याची सवय त्यातूनच येते. पण असे म्हटल्याने येणारा मोकळा होत नाही, उलट अवघडतो. किती दिले म्हणजे शोभेल, याच विवंचनेत तो राहतो. आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा येतच नाही. भीड भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. फीचा आकडा पहिल्या भेटीत, स्पष्ट आवाजात, एकदाच सांगावा. ज्याला ती खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी महिन्यातील ठरावीक जागा कमी फीच्या ठेवाव्यात. पण तीही आपली ठरलेली रीत असावी, घासाघिशीचे फळ नसावे.

आकडा कसा ठरवावा? येथे नवख्यांची फसगत होते, म्हणून थोडा हिशेब मांडू. समजा, एका बैठकीची फी १५०० रुपये आहे. नोकरदार माणूस आठवड्याला चाळीस तास काम करतो, म्हणून आपणही चाळीस बैठका घेऊ, असे कोणी मनात धरील तर ते अशक्य आहे. एक तास मन लावून ऐकल्यावर टिपणे आणि विसावा यांत आणखी अर्धा तास जातो. शिवाय पत्रव्यवहार, हिशेब, नव्या लोकांच्या भेटी आणि स्वतःचा अभ्यास. आठवड्याला बारा बैठका म्हणजे भरलेला व्यवसाय समजावा. सण, सुट्या आणि आजारपण वजा जाता वर्षाचे ४५ आठवडे धरले, तर ५४० बैठका आणि ८,१०,००० रुपये होतात. जागेचे भाडे, प्रवास, दूरध्वनी आणि शिक्षण यांत तिसरा हिस्सा, म्हणजे २,७०,००० रुपये गेले, असे धरू. उरले ५,४०,०००, महिन्याला ४५,००० रुपये. सेवांवरील जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. तिच्या जवळपासही ही रक्कम जात नाही.

आणि हे सर्व घडी बसल्यावर. पहिल्या वर्षी आठवड्याला बाराऐवजी चारच बैठका मिळाल्या तर? १८० बैठकांचे २,७०,००० रुपये. भाडे आणि शिक्षणाचा खर्च काही माणसे कमी आली म्हणून कमी होत नाही. म्हणजे आले तेवढे गेले, आणि घरी नेण्यास एक रुपयाही उरला नाही. यासाठी वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च गाठीशी बांधूनच हा व्यवसाय आरंभावा, अथवा नोकरी सांभाळून सायंकाळी त्याची सुरुवात करावी. यात भित्रेपणा नाही.

निरोपाची वेळ

हा हिशेब केवळ पोटाचा नाही, नीतीचाही आहे. कसा, ते पाहू. आठव्या बैठकीला तो सुपरवायझर हसतमुखाने येतो. साडेपाचला तो घरी जातो आहे, हाताखालची माणसे कामे उरकीत आहेत. त्याचे काम झाले. खरे म्हणजे आज त्याला निरोप द्यावयाचा. पण महिनाअखेर आहे, भाडे द्यावयाचे आहे, आणि नवीन कोणी आलेले नाही. अशा वेळी जिभेच्या टोकावर एक वाक्य येते: ‘आणखी चार बैठका घेऊ या, पाया पक्का होईल.’ वाक्य खोटे आहे असेही म्हणता येत नाही; पक्का पाया कोणाला नको? परंतु ते वाक्य उतारूच्या सोयीसाठी उच्चारलेले नसते, गाडीवानाच्या सोयीसाठी असते. असे दोनदा-चारदा झाले म्हणजे मार्गदर्शक माणसांना पायांवर उभे करण्याऐवजी कुबड्या पुरवू लागतो. त्या माणसाला आपल्यावाचून पाऊल टाकवत नाही हे पाहून मार्गदर्शकाला धन्यताही वाटू लागते, आणि ही धन्यता पैशाच्या लोभाहूनही वाईट. आपल्याकडे गुरू करण्याची हौस मोठी असल्यामुळे हा धोका परदेशाहून येथे अधिक आहे.

इतर धंद्यांत गिऱ्हाईक टिकणे हे यश असते. या धंद्यात गिऱ्हाईक सुटणे हे यश आहे. व्यवसायाचे हित आणि कामाचे हित यांची अशी ओढाताण असता केवळ सद्हेतूवर विसंबून चालत नाही; तजवीज करावी लागते. ती दुहेरी आहे. एक, शेवट पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे: इतक्या महिन्यांत इतक्या बैठका, अमुक बदल दिसला म्हणजे काम संपले. हॉपकिन्स यांना जे परीक्षेने आयते दिले, ते आपण करारात लिहून मिळवावयाचे. पुढे नवे काम निघाले तर नवा करार करावा. जुना लांबवू नये. दुसरी तजवीज म्हणजे गाठीची शिल्लक. ज्याच्या पेटीत चार महिन्यांचे भाडे आहे, त्याला निरोपाचा शब्द वेळेवर उच्चारता येतो. ज्याच्याजवळ ते नाही त्याची नियत चांगली असूनही जीभ अडखळते. हिशेबाला कमी लेखणारे पुष्कळ आहेत. आमच्या व्यवसायात मात्र सचोटीचा पाया हिशेबाच्या वहीत घातला जातो.

अनुभव असाही आहे की, वेळेवर निरोप दिलेला माणूस दूर जात नाही. तो स्वतः परत येत नाही, पण त्याचा मेहुणा येतो, त्याच्या खात्यातला सहकारी येतो. अडकवून ठेवलेला माणूस अखेर कंटाळून जातो, आणि जाताना गप्प राहतो. व्यवसाय वाढविण्याची विद्या म्हणतात ती आम्हांला तरी एवढीच सापडली.

श्रोत्यांपैकी कोणाला मार्गदर्शक व्हावयाचे असेल, कोणाला मार्गदर्शकाकडे जावयाचे असेल. दोघांनाही चार प्रश्न सारखेच उपयोगी पडतील. काम नेमके कोणते? फी किती? बोललेले कोणापर्यंत जाणार? आणि थांबावयाचे केव्हा? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी मिळतात. चौथ्याचे उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, त्याच्या गाडीत बसण्यास हरकत नाही.